बेचाळीस वर्षांचं लेकरू

पाळकबाईंनी पुढे केलेली खुर्ची मावशींनी आधी हाताने दाबून पाहिली आणि मग देवाचं नाव घेत त्या तिच्यावर टेकल्या. चर्चच्या या हॉलमध्ये रविवारी लहान मुलांचा वर्ग भरायचा, त्यामुळे खुर्च्या सगळ्या गुडघ्याएवढ्या. आज मात्र दारावर 'आईबाबांचा वर्ग' अशी पाटी होती. भोवती सगळी तरणी मंडळी. कुणाच्या खांद्यावर दुधाचा डाग, कुणाचे डोळे झोपेविना तारवटलेले. शेजारच्या बसड्रायव्हरला जुळी होती आणि तो बसल्या बसल्या पेंगत होता.

पाळकबाईंनी एकेकाला मुलाचं वय विचारलं. मावशींची पाळी आली.

"बेचाळीस," मावशी म्हणाल्या.

"महिने?"

"वर्षं. वयाची अट कुठे लिहिलेली नव्हती."

बसड्रायव्हरची झोप उडाली. हॉलभर हशा पिकला. मावशीही हसल्या, पण उठल्या नाहीत. गल्लीभरच्या कपड्यांना इस्त्री करून करून त्यांचा स्वभावच तसा झाला होता, सुरकुती दिसली की हात शिवशिवायचे. घरातली सुरकुती मात्र काही केल्या निघत नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा संसार मोडून आईकडे परत आला होता, लेक तिच्या आईकडे राहिली होती, आणि तेव्हापासून पठ्ठ्याच्या तोंडून 'हं' आणि 'बघू' यांपलीकडे शब्द फुटत नव्हता. कामावरून यायचा, जेवायचा आणि खोलीचं दार लावून घ्यायचा.

"त्याने माझ्याशी बोलावं, बास. दुसरं काही नको मला," मावशींनी सांगून टाकलं. पाळकबाईंनी त्यांना वर्गात घेतलं.

पहिला गृहपाठ ऐकायला सोपा होता. रोज थोडा वेळ मुलाजवळ बसायचं. प्रश्न नाही, सल्ला नाही, चुका काढणं नाही. संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तशा मावशी समोर येऊन बसल्या, तोंडाला कुलूप लावून. हे आणखी घे, केस कापून ये, पोरीला फोन कर, सगळं जिभेच्या टोकावर येऊन परत फिरत होतं. मुलाने एकदा वर पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग ताट बाजूला सारून त्याने आईच्या कपाळाला हात लावला आणि तिला तडक दवाखान्यात नेलं. गप्प बसलेली आई त्याने जन्मात पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब मोजला आणि बाई ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. परतताना मावशींना वर्गाचं सगळं कबूल करावं लागलं. मुलगा रस्त्यातच थांबला. त्याचे खांदे हलायला लागले आणि बघता बघता तो दिव्याच्या खांबाला धरून हसत सुटला. मावशींना तर रडूच आलं, इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून. पण घरी पोचल्यावर त्याने पुन्हा दार लावून घेतलं.

पुढचा गृहपाठ खेळाचा होता. मूल सांगेल तो खेळ खेळायचा आणि त्यात आपलं शहाणपण घुसडायचं नाही. मावशींनी दारावर टकटक केली आणि जरा लाजतच, काय खेळायचं ते विचारलं. मग दार उघडलं.

टेबलावर चार मजल्यांचं लाकडी बाहुलीघर उभं होतं. खिडक्यांना खऱ्या काचा, आणि मधोमध चालणारी लिफ्ट. बटण दाबलं की काड्यापेटीएवढी खोली बारीक तारेवरून वर सरकायची आणि मजल्या-मजल्यावर थांबायची. इतके दिवस मावशींना वाटत होतं, पोरगा आत मोबाईल घेऊन लोळतो.

त्याने टॉर्च आईच्या हातात दिला आणि तो एका चिमुकल्या चाकात तेल सोडू लागला. कुणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. 'अरे, मग नेऊन दे ना तिला, बसलायस काय!' हे मावशींच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी ते गिळलं.

"ती मोठी झाली असेल आता," शेवटी तोच म्हणाला. "हसेल मला."

"हसेल असं वाटतं तुला," मावशी म्हणाल्या. मुलाचंच वाक्य त्याला परत द्यायचं, हेही वर्गात शिकवलं होतं. तेव्हा त्यांना तो शुद्ध पोपटपणा वाटला होता.

आणि मुलगा बोलायला लागला. लेकीला भेटायला जायचा तेव्हा काय बोलावं तेच सुचायचं नाही, तीही गप्प, तोही गप्प; मग एका भेटीला गेलाच नाही, आणि एकदा चुकल्यावर पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने जायचं, असं होऊन बसलं. मावशींचा हात भरून आला, तरी त्यांनी टॉर्च खाली ठेवला नाही.

शेवटच्या वर्गाला मुलांना घेऊन यायचं होतं. त्याने आपणहून लेकीच्या आईला फोन केला. ती लेकीला त्याच्या घरी पाठवायला तयार नव्हती आणि तिच्या दारात जायचा याला धीर नव्हता. चर्चचा हॉल मात्र दोघांनाही चालला. पाळकबाईंनी कोपऱ्यातलं एक टेबल मोकळं ठेवलं.

नात आईचा हात धरून आली. बाप टेबलापाशी उभा होता, कान लालबुंद झालेले. बसड्रायव्हरची जुळी बाहुलीघराकडे धावली, तशी ड्रायव्हरने दोघांना दोन काखांत उचलून लांब नेलं.

नातीने वाकून खिडकीतून आत पाहिलं. बटण दाबलं. लिफ्ट वर गेली, खाली आली. ती हसली नाही.

"यात कोण राहतं?"

"अजून कुणीच नाही," बाप म्हणाला. "तू ठरव."

तिने भराभर ठरवून टाकलं. तळमजल्यावर आजी, कारण तिचे गुडघे दुखतात. त्याच्यावर आई. त्याच्यावर एक मांजर, त्याला अख्खा मजला. आणि सगळ्यात वर ती स्वतः. मजले संपले. बापाने टेबलाची कड घट्ट धरली.

"आणि मी?"

"तू लिफ्टमध्ये."

"लिफ्टमध्ये का गं?"

एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेने नातीने त्याच्याकडे पाहिलं.

"सगळ्यांकडे यायला," ती म्हणाली, आणि त्याचं बोट धरून तिने बटणावर ठेवलं.