फाट्यापर्यंत आणि परत

उमरग्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : रोज चाळीस मिनिटं, न थांबता, भरभर चालणे. लिहायला त्यांचं काय जातंय! शिवकन्याच्या दिवसात ही चाळीस मिनिटं कुठून काढायची, ते काही कागदावर नव्हतं. पाचला उठून भाकरी, मग समर्थला अंथरुणातून उपसून काढणं, शिवांजलीच्या दोन वेण्या, नवऱ्याचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या आणि दहाच्या आत अंगणवाडीचं कुलूप. तिथं गावातली तीस-पस्तीस पोरं काट्यावर उभी करायची, वजनं मोबाईलात भरायची, नेट गेलं की परत भरायची. सगळ्या गावाचं वजन तिला पाठ होतं. स्वतः काट्यावर चढायची वेळ आली की मात्र तिला काहीतरी काम आठवायचं.

पण यावेळी टाळून चालणार नव्हतं. तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक एक निघाली होती. "पुढच्या तपासणीत खाली आली नाही तर इन्सुलिन," डॉक्टर म्हणाले होते. तिचं वय छत्तीस.

शिवकन्याचं माहेर नळदुर्गचं. तिची आई सिताबाई साखरेनंच गेली. पण जाण्याआधी चार वर्षं ती एका पायावर होती. शिवकन्या अकरावीत असताना आईचा डावा पाय गुडघ्याखालून काढला, आणि त्याच्या आधीचं अख्खं वर्ष ती जखम रोज शिवकन्यानं धुतली होती. कॉलेज तेव्हा सुटलं ते सुटलंच, बारावी नंतर घरूनच दिली. त्या कष्टांचं तिला काही वाटत नव्हतं, आईच होती. भीती वेगळीच होती. शिवांजली आता दहा वर्षांची झाली होती. पोरगी वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसली की शिवकन्याला वाटायचं, अजून सहा-सात वर्षांनी ही माझा पाय धरून बसली तर? आणि वेणी ओढली जायची, पोरगी ओरडायची.

तर ठरलं. सकाळी सहा ते सहा चाळीस. घरापासून हैदराबाद रोडच्या फाट्यापर्यंत आणि परत. तिचा नवरा योगीराज टेम्पो चालवायचा; सोलापूरहून येताना त्यानं पांढरे बूट आणले होते. साडीखाली बूट बघून समर्थ इतका हसला की त्याला उचकी लागली.

पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा गावात धड उजाडलंही नव्हतं. पदर खोचलेला, हात रिकामे, चाल तरातरा. गावाच्या टोकाला मोटरसायकलवर बळभीम भेटला, योगीराजचा चुलतभाऊ.

"वैनी, कुठं निघालाव?"

"कुठं न्हाय. चालायला."

बळभीमनं तिच्याकडं बघितलं, बुटांकडं बघितलं, फाट्याकडं बघितलं. पुढं जाऊन त्यानं गाडी उभी केली आणि योगीराजला फोन लावला. "दादा, वैनी फाट्याकडं निघाल्यात. एकट्याच. घरात काय झालंय का? म्या गाडी आडवी लावू का?"

त्याचं तरी काय चुकलं? या गावात बाई रस्त्यानं चालते ती डोक्यावर, कडेवर नाहीतर हातात काहीतरी घेऊन. रिकाम्या हातानं, सकाळच्या पारी, फाट्याच्या दिशेनं तरातरा चालणारी बाई म्हणजे भांडून माहेरी निघालेली बाई, दुसरा अर्थच नाही. त्या एका सकाळी शिवकन्याला सात जणांनी हटकलं. शेवटच्या म्हातारीनं तर हात धरून समजूत घातली की नवरा आहे, बोलणारच, लेकरांकडं बघून माघारी फिर बाई.

ती घरी आली ती रडकुंडीला येऊनच. "आत्या, मला न्हाय जमायचं हे."

तुळजाबाई, तिच्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हातात किटली घे," त्या म्हणाल्या. "कोण इचारलं तर दुधाला निघाले म्हनायचं. कोन उघडून बघनार हाय?"

सासूबाईंचं डोकं असं चालायचं. दुसऱ्या दिवशी अॅल्युमिनियमची रिकामी किटली हातात आली आणि गाव एकदम शांत झालं. कुणी काही विचारेना. शिवकन्याला मनातल्या मनात हसू फुटलं. आठ दिवस तर असे गेले की तिला स्वतःचाच हेवा वाटावा.

मग सुरू झालं. दुधालाच निघालीस तर जाता जाता एवढं दही शरणम्माकडं दे. शरणम्माकडं जातेयस तर तिची गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ये. येताना मळणीचा निरोप सांग. शिवकन्याला नाही म्हणता येत नव्हतं. लोकांना वाटायचं, ही त्या वाटेनं जातेच आहे. आणि दारात आलेल्या बाईला चहा न पाजता परत पाठवणं हे या गावात पापच. चहा नको म्हटलं की समोरचीचं तोंड उतरायचं. "का? आमच्या घरचं चालत न्हाय का आता?" झालं, बसायचं. कप छोटा, पण चहा असा की चमचा उभा राहावा इतकी साखर. सगळ्यात गोड प्रेमाबाईचा. प्रेमाबाईचं घर वाटेवरच होतं, ओटा रस्त्याला लागून, आणि तिच्या नजरेतून मांजरही सुटत नसे. "ये गं, ठेवलाच हाय च्या!" ही हाक रोज सहा दहाला यायची.

रोज चाळीस मिनिटं भरत होती, मोबाईलमधला गजर तसं सांगत होता. त्यातली निम्मी लोकांच्या ओट्यांवर जात होती, हे शिवकन्याला कळत होतं. कळून ती चडफडायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा किटली उचलायची, कारण न चालण्यापेक्षा बरं. तीन महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. समर्थला ताप असताना गेली, घरात पाहुणे असताना गेली.

तपासणीचा कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला. नऊ पूर्णांक सहा.

"चालत नाही का तुम्ही?"

"रोज चालते, सर. देवाशपथ."

"चालताना काही खाता?"

"न्हाय हो."

"पिता?"

शिवकन्या बोटांवर मोजू लागली. प्रेमाबाईकडं एक. शरणम्माकडं एक. फाट्याजवळच्या वस्तीवर एक, कधी दोन. घरी आल्यावर स्वतःचा बिनसाखरेचा, तो मात्र ती मोठ्या निग्रहानं तोंड वाकडं करून प्यायची. तिनं हे सांगितलं तेव्हा डॉक्टर हसू आवरत होते. तिला मात्र त्या खुर्चीत इतकी लाज वाटली, इतका राग आला, की डोळे भरून आले. तीन महिने! लेकरांच्या वाटणीचे, झोपेच्या वाटणीचे तीन महिने तिनं गावभर साखर गोळा करण्यात घातले होते.

"अजून एक महिना देतो," डॉक्टर म्हणाले. "एकच."

दुसऱ्या दिवशी किटली खुंटीलाच राहिली.

"ये गं, ठेवलाच हाय—"

"न्हाय अक्का, थांबत न्हाय," शिवकन्या म्हणाली आणि खरंच थांबली नाही. पाठीमागं प्रेमाबाईच्या हातात कप तसाच राहिला. शरणम्माला तिनं लांबूनच हात केला. चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं. पण त्या दिवशी फाटा पहिल्यांदा वीस मिनिटांत आला.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. प्रेमाबाई स्वतः येऊन तुळजाबाईंपाशी बसून गेली होती. "सुनंला सांगा जरा, म्हनून गेली," तुळजाबाई म्हणाल्या. "मानूस तुटतं अशानं. एक घोट घेतला तर काय हुतंय?"

"एक घोट न्हाय हुत, आत्या. तीन कप हुत्यात."

जेवताना तुळजाबाईंनी शिवकन्याला वाढलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. रात्रभर तिला वाटत राहिलं की उद्या एक दिवस थांबावं, एकच कप, संबंध राहतील. मग वाटलं, तीन महिने हेच तर केलं.

सकाळी प्रेमाबाई ओट्यावर उभीच होती. चहा ठेवलेला नव्हता. शिवकन्या न बघता पुढं गेली तशी ती ओट्यावरून खाली उतरली आणि तशीच, अनवाणी, तिच्या मागं निघाली.

"थांब की! तोंडावर सांग काय ते. माझ्या घरच्या च्यात काय ईख हाय का?"

"अक्का, थांबता येत न्हाय मला. बोलायचं तर चालत बोला."

"व्हय? चालत बोलते! मला काय चालता येत न्हाय?"

प्रेमाबाई पन्नाशीला टेकलेली, अंगानं चांगली थोराड. पण रागाचं बळ मोठं. ती शिवकन्याच्या बरोबरीनं चालू लागली आणि भांडू लागली. तुझ्या लग्नात कळशी म्या धरली हुती. समर्थ झाला तवा डिंकाचे लाडू कुणी दिले? आता सरकारी पगार आला, बूट आले, आता आमी कोण? शिवकन्या उत्तर देत होती आणि चालत होती. दोघींना धाप लागली. उसाचा ट्रॅक्टर बाजूनं गेला, त्यावरचा माणूस मान वळवून बघत राहिला. शाळा गेली, पाण्याची टाकी गेली, फाट्यावरचा धाबा आला, तरी भांडण संपेना. धाब्यासमोर वळून दोघी माघारी फिरल्या. प्रेमाबाईला हेही कळलं नाही की आपण फाट्यापर्यंत आलो.

शेवटी शिवकन्याचा बांध फुटला. "माझ्या आईचा पाय कापला, अक्का! साखरेनं. खिळा रुतला हुता, आन् तिला दोन दिस कळलंच न्हाय. तळपायाची जाणीवच गेली हुती तिची. म्या धुत हुते ती जखम, रोज. घाण वास यायचा आन् म्या तोंड वाकडं करू नये म्हून आई दुसरीकडं बघायची. माझ्या पोरीवर ती येळ येऊ द्यायची न्हाय मला. तुमचा च्या लई चांगला हाय. पर मला न्हाय प्यायचा. रागवायचं तर रागवा."

प्रेमाबाई चालत राहिली, पण अर्धं पाऊल मागं.

शिवकन्याला वाईट वाटलं. आपण फार बोललो, असं वाटलं. काहीतरी गोड बोलावं म्हणून तिनं मागं वळून बघितलं, आणि तिची नजर रस्त्यावर गेली. सिमेंटच्या पांढऱ्या रस्त्यावर लाल ठिपके होते. एक पाऊल सोडून एक, ठिपका, पुन्हा ठिपका, थेट धाब्याकडून आलेले.

"अक्का, थांबा."

"आता का? थांबता येत न्हाय ना तुला?"

"थांबा म्हनते! पाय बघू."

तिनं प्रेमाबाईला कडेच्या दगडावर बसवलं आणि उजवा पाय वर घेतला. तळव्यात, टाचेच्या पुढं, बाटलीची काच घुसली होती. तिरकी, बोटाच्या पेराएवढी. त्या काचेवर बाई अर्धा किलोमीटर चालली होती, आणि भांडली होती.

"दुखत न्हाय?"

"काय?" प्रेमाबाईनं वाकून बघितलं. आधी तिला तो पाय स्वतःचा आहे असं वाटलंच नाही. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "वरीस झालं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मुंग्या यायच्या, मग त्या बी बंद झाल्या. म्या म्हटलं, बरं झालं, गेलं. माझ्या लेकीला, दीपालीला बघायला पाहुनं यायचेत, म्हून कुणाला बोलले न्हाय."

शिवकन्याचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. तिला फक्त भीती वाटली, अकरावीतल्या पोरीला वाटायची तशीच. कमरेला खोचलेला मोबाईल अजून मिनिटं मोजत होता, अजून बारा शिल्लक होती. तिनं गजर बंद केला, काचेला हात न लावता पदराचं टोक फाडून पायाला गुंडाळलं आणि योगीराजला फोन लावला. घंटा वाजत होती.

प्रेमाबाईनं तिचा दंड धरला. "शिवकन्या, खरं सांग. येळेवर गेलं तर ऱ्हातोय का गं पाय?"

शिवकन्यानं तिच्याकडं बघितलं. पलीकडून योगीराजचा आवाज आला, आंघोळीला निघालो होतो, काय झालं?

"ऱ्हातोय," ती प्रेमाबाईला म्हणाली, आणि फोनमध्ये ओरडली, "अहो, आंघोळ राहू द्या. आधी टेम्पो काढा!"