अळणी ताट

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिला सगळे अळणीबाई म्हणत. तिथे शेगड्यांच्या दोन रांगा होत्या. एकीवर नेहमीचं अन्न शिजे, दुसरीवर बिनमिठाचं. ही दुसरी रांग एकोणीस वर्षं तिच्या गळ्यात होती. रक्तदाबाचे, हृदयाचे, अंगावर सूज आलेले रोगी, मिळून रोजची साठ-सत्तर ताटं. त्यातली निम्मी तरी अर्धवट खाऊन परत येत. सुरुवातीला तिला वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं. "औषध काय गोड लागतं का?" एवढं म्हणून ती उष्टं बादलीत लोटायची आणि पुढचं पातेलं घासायला टाकायची.

तिचा नवरा शिंपी होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून न्हाव्याचं. गेल्या वर्षी शिंप्याचे पाय सुजायला लागले. मशीनचं पायडल मारताना दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, त्याला ओढ सोसत नाही. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, तेव्हा ते जवळजवळ बंद. वेफर्स, खारे दाणे, पाकिटातलं काहीही नको.

"यांच्या घरी काय काळजी," डॉक्टर हसून म्हणाले. "बाईंना शिकवायला नको."

ती हसली नाही. दिवसभर अळणी रांधायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा अळणीच रांधायचं, एवढंच तिच्या मनात आलं. तिचे गुडघे बोलायला लागले होते. घरी आल्यावर ती भाजी चिरायची, कुकर लावायची, ताट वाढायची. दुपारचं जेवण तिचं इस्पितळातच, पहिल्या रांगेतलं, मिठाचं. रात्री आपल्या वाट्याच्या भाजीवर ती चिमूटभर मीठ भुरभुरायची आणि डबा पुन्हा वरच्या फळीवर ठेवून द्यायची. शिंपी तिच्याकडे बघायचा आणि मुकाट घास गिळायचा.

एकदा ती त्याच्या दुकानात कात्री मागायला गेली. तो गिऱ्हाइकाचं माप घेत होता, म्हणून तिने स्वतःच मशीनचा खण उघडला. खडू, बटणं, आणि खाली खाऱ्या दाण्यांची पाच-सहा रिकामी पाकिटं. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली.

"हे काय?"

"न्हाव्याची आहेत."

"न्हाव्याची पाकिटं तुमच्या खणात कशाला येतील?"

एके काळी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं. "तुमचं तुम्ही बघा आता," ती म्हणाली. "मी सत्तर जणांच्या मागे लागते. एकाहत्तराव्याच्या मागे लागायला माझ्याकडे पाय उरले नाहीत." कात्री घेऊन ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी सकाळी न्हावी धावत इस्पितळाच्या मागच्या दाराशी आला. शिंप्याला आडवं होता येत नव्हतं, छातीत घरघर वाजत होती. न्हाव्यानेच त्याला रिक्षात घालून आणलं होतं. फुफ्फुसात पाणी झालं होतं. तीन दिवस नाकाला नळी आणि शिरेतून औषधं. ती खाली ताटं भरायची आणि सुट्टी झाली की वर जाऊन त्याच्या उशाशी बसायची. रागवायची सोय नव्हती. माणूस वाचला तर रागवायचं.

चौथ्या दिवशी नळी निघाली आणि त्याला जेवण सुरू झालं. दुपारी त्याचं ताट जसंच्या तसं खाली आलं. खाटेचा आकडा ओळखीचा होता. ती ते ताट उचलून तीन जिने चढून वर गेली.

"दोन घास तरी खा."

"नको."

"अहो, मीच केलंय."

"माहीत आहे." त्याचा आवाज अजून खोल गेलेला होता. "अगं, तू हे कधी खाल्लंयस?"

"रोज चाखते."

"चमच्याने चाखतेस. ताट खाल्लंयस का, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत? घरीसुद्धा तू मीठ घेऊन जेवतेस. समोर बसून." मग दम घ्यायला तो थांबला. "त्या न्हाव्याच्या दुकानात चार वाजता आम्ही दाणे खातो. तेवढा वेळ मी रोगी नसतो."

खाटेशेजारच्या स्टुलावर तिने बूड टेकलं, ताट मांडीवर घेतलं आणि जेवायला लागली. उकडलेला बटाटा. पांढरा भात. दुधी, पाण्यात शिजवून पाण्यातच ठेवलेला. चौथ्या घासाला तिची जीभ थांबली. आठव्याला घसा. बटाटा कापसासारखा तोंडात फिरत राहिला. तरी तिने ताट संपवलं, हट्टाने, आणि रिकामं ताट खाली ठेवलं.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मीठ काढून घेतलं आणि त्याच्या जागी काहीच घातलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती आहाराचं बघणाऱ्या बाईंकडे गेली. बाई तिच्या लेकीच्या वयाच्या होत्या. लिंबू चालतं का, लसूण, मिरी, कांदा खरपूस भाजून घातला तर, भाजी उकडण्याऐवजी तव्यावर परतली तर, असं तिने एकेक विचारलं. बाई म्हणाल्या, सगळं चालतं, यादीत तसं लिहिलेलंही आहे, पण एवढं भाजायला माणसं कुठे आहेत? ते खरंच होतं. सत्तर ताटांचा कांदा भाजायचा म्हणजे सकाळी तासभर आधी यायला हवं. ती आठवड्यातून दोन दिवस आधी यायला लागली. त्याहून जास्त तिला जमलं नाही आणि तिने जमवलंही नाही.

न्हाव्याकडेही ती गेली. तो एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता.

"भाऊजी, दाणे बंद करा असं सांगायला आले नाही. बिनमिठाचे आणा. मी भाजून देईन."

न्हाव्याची मान खाली गेली. "वहिनी, पाकीट मीच आणायचो. तो नको म्हणायचा, मी म्हणायचो दोन दाण्यांनी काय होतंय."

"झालं ते झालं. चार वाजताचं बसणं मात्र मोडू नका."

शिंपी घरी आला तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते, इतकं पाणी उतरलं होतं. त्या संध्याकाळी तिने एकच भाजी केली आणि दोघांच्या ताटात तीच वाढली, वर लिंबू पिळून. फळीकडे तिने हात नेला नाही. त्याने ते पाहिलं. "तुला कशाला शिक्षा?" तो म्हणाला.

"माझाही दाब वाढलाय. सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. सांगायचं राहून गेलं."

त्याने घास तसाच हातात धरला. "राहून गेलं?"

"सांगितलं असतं तर मलाही हेच खावं लागलं असतं."

पहिले तीन आठवडे जेवण म्हणजे दोघांनाही कामच होतं. मग जीभ हळूहळू निवळली. कांद्याचा गोडवा कळायला लागला. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. शिंप्याचा तर पुरता गेलाच नाही. तो आता अर्धा दिवसच दुकान उघडतो. मधूनच कुणाच्या लग्नात भलतंसलतं खातो आणि दोन दिवस पाय वर करून पडतो. ती फार बोलत नाही.

परवा तपासणीला दोघं चालत गेले. डॉक्टर म्हणाले, आहे तसं राहिलं तरी पुष्कळ. परतीच्या रस्त्यात चढ लागला, तेव्हा दम तिलाच लागला. शिंपी एका बंद दुकानाच्या पायरीवर रुमाल अंथरून म्हणाला, "बस जरा. घाई कुणाला आहे?"

ती बसली. तोही बसला. आज भाजी कसली करायची ते त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही चिरणार असाल तर काहीही."