आत्याच्या गालातलं लग्न

टॉन्सिल सुजल्याच्या तिसऱ्या दिवशी वत्सलाआत्याच्या उजव्या गालात एक खोली निघाली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. घशाचं दुखणं वर चढलंय, म्हणाले, खोली ऐसपैस आहे, पण खिडकी नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

आत्या आणि तोंड बंद! केतकीला आधी हसू आलं, मग तिने कॅलेंडर पाहिलं. चार दिवसांवर तिचं लग्न होतं. आई गेल्यापासून तिला आत्यानेच वाढवलं होतं आणि लग्नात केतकीचा हट्ट एकच होता, मंगलाष्टकं आत्यानेच म्हणायची. आता केतकीच म्हणाली, राहू दे, गुरुजी म्हणतील. आत्याने कागदावर लिहिलं, ‘मी मेलेय का?’

आत्या आवंढा गिळायची तशी खोली हातभर लांबायची. लग्नाच्या दिवशी ती कार्यालयापेक्षा मोठी झाली होती. अंतरपाट धरला गेला. आत्याने तोंड उघडलं, पण आवाज बाहेर आलाच नाही. तो आत गालातच घुमत होता. ऐकायला तर हवंच, म्हणून वऱ्हाडी ओठापाशी चपला काढून एकेक करत आत गेले. व्याही फेटा सांभाळत गेले. गुरुजी अंतरपाटासकट गेले आणि त्यांच्यामागून नवरामुलगाही गेला.

अक्षता मात्र कुणी बाहेर ठेवल्या नव्हत्या. प्रत्येक ‘सावधान’ला त्या आत उधळल्या जायच्या आणि आत्याच्या गालावर बाहेरून बारीक उंचवटे यायचे. तिच्या उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. केतकीने गालाला कान लावला. सूर तसूभरही ढळला नव्हता. दाढ दुखली तरी घर डोक्यावर घेणारी माणसं तिने पाहिली होती. ही बाई तीनशे पाहुणे गालात घेऊन गात होती. केतकीला तिचा इतका अभिमान वाटला की रडूच फुटलं.

बाहेर आता ती एकटीच उरली होती. आतून गुरुजी म्हणाले, "मुलीला पाठवा. शेवटचं कडवं राहिलंय."

"आत्या, अंगावर शालू आहे, दागिने आहेत," केतकी म्हणाली. "मी जड झालेय. तुला दुखेल."

आत्याने होकारार्थी मान हलवली. मग केतकीचा हात धरला आणि जबडा आणखी उघडला.