मुद्देमाल: एक कात्री

मी एक जुनी कात्री आहे. शिंपीकामाची, दहा इंची, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी वजनदार. सध्या मी ठाण्याच्या कोर्टात एका लोखंडी कपाटात पडून आहे. अंगावर खाकी कागद, त्याला सुतळी, सुतळीवर लाखेचं सील. कागदाच्या आत माझ्या एका पात्यावर वाळलेलं रक्त आहे. मित्रांनो, ते कुणाचं आणि कसं लागलं, हे मी सांगणार आहे. गोष्ट मारझोडीची आहे. ज्याला भीती वाटेल त्याने आईजवळ बसून वाचावी.

मी जन्मले तीच मार खात. आधी मी एका ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद होते. तो ट्रक घाटात उलटला आणि भंगारात गेला. मग मेरठच्या एका भट्टीत मला लाल होईपर्यंत तापवलं, हातोड्यांनी बडव बडव बडवलं आणि तसंच पाण्यात बुडवलं. आई गं! त्यानंतर दगडावर घासून धार काढली. एवढं सोसल्यावर मी गरीब, शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. छे! मला कापायला फार आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू?

डोंबिवलीजवळच्या कोपर गावात शकूने मला विकत घेतलं आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. शकू आगऱ्यांची लेक. हातात कापड आलं की खडूच्या चार रेघा मारायची आणि मला सोडायची. मी सरसर निघायचे. तिने शिवलेलं ब्लाउज घेऊन बाई दुसऱ्यांदा दुरुस्तीला आली, असं कधी झालं नाही. दर सोमवारी ती माझ्या खिळ्यात तेलाचा थेंब सोडायची आणि म्हणायची, "बाय माजी, थकलीस काय गो?" असं मायेने कुणी बोललं की लोखंडालासुद्धा बरं वाटतं.

तिचा नवरा काळुराम. वडिलांच्या मिठागराच्या आणि शेताच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा घरात पैसा आला. तसा गावात पुष्कळांकडे आला आणि ते मानाने राहिले. याला मात्र दिवसभर काही काम नव्हतं आणि बायकोकडे गिऱ्हाइकं येतात याचा राग होता. तो पट्ट्याने मारायचा. एकदा शिलाई मशीनचं लाकडी झाकण त्याने तिच्या बोटांवर आपटलं. दोन बोटं महिनाभर काळीनिळी होती, तरी ती तिसऱ्या बोटाने मला धरून कापत राहिली.

मग एक दिवस त्याने मलाच उचललं. एका लग्नघरची सतरा ब्लाउजं तयार होऊन खुंटीला टांगली होती. त्याने एकेक ओढून माझ्या तोंडात दिलं. बाह्या, पाठ, गळा, सगळं. शकू त्याच्या पायाशी बसून ओरडत होती, "नको रं, लोकांची हायेत ती!" आणि मी कापत होते. धार असलेल्या वस्तूला थांबता येत नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी मला माझ्या धारेची किळस आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शकू घर सोडून निघाली. अंगावरची साडी आणि कमरेला खोचलेली मी, एवढंच तिने घेतलं.

खडवलीला सुमतीबाईंची एक संस्था होती. सुमतीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. घरातून मार खाऊन आलेल्या बायकांना त्या ठेवून घेत. संस्थेचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितल्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. तिथे शकू हळूहळू सावरली आणि बाकीच्या बायकांना शिवण शिकवू लागली. पण संस्थेला भिंत नव्हती, नुसतं तारेचं कुंपण. एका सकाळी रुपाली नावाच्या मुलीचे सासरचे चौघे तारा वाकवून आत शिरले. तिला पायाला धरून अंगणातून फरफटत नेलं. आडव्या आलेल्या सुमतीबाईंना त्यांनी असं ढकललं की त्यांचं मनगट मोडलं. त्यानंतर महिनाभर तिथे कुणी नीट झोपलं नाही.

म्हणून भिंत हवी होती. उंच, पक्की, लोखंडी फाटकाची. इथे डोंबिवलीच्या नीरजाताई आल्या. बँकेत अधिकारी, उत्साहाचा नुसता धबधबा. त्या म्हणाल्या, "सुमतीबाई, आपण फॅशन शो करू! घराघरांतून जुन्या साड्या गोळा करू, तुमच्या बायका त्यांचे नवे कपडे शिवतील, आमच्या सोसायटीतल्या सगळ्याजणी ते घालून चालतील. तिकिटं मी खपवते."

"बायकांना कुणासमोर आणायचं नाही हं," सुमतीबाईंनी बजावलं. "फोटोसुद्धा नको."

"छे छे, त्या पडद्यामागेच असतील."

काय सांगू तुम्हाला, ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर होते! पैठण्या, नारायणपेठी, कुणाच्या आजीची इरकल, सगळं माझ्या पात्यांखालून गेलं आणि त्याची जाकिटं, घागरे, झबली झाली. शकू गुणगुणत कापायची. आपल्या कामावर भिंत उभी राहणार, या विचाराने मीही फुगले होते.

नीरजाताईंनी फोटो छापले नाहीत. शब्द पाळला. पण आभार मानल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम होतो का? ज्यांनी राबून कपडे शिवले त्यांचं नाव झालंच पाहिजे, असं त्यांच्या भोळ्या मनाने घेतलं. संस्थेने बायकांना नव्याने काढून दिलेल्या आधार कार्डांच्या झेरॉक्स तिथे होत्या, त्यावरून त्यांनी नावं उतरवली. आणि लग्नपत्रिकेत छापतात तशी थाटात छापली. आधी सौ., मग नाव, मग नवऱ्याचं नाव, शेवटी गाव. वर सभागृहाचा पत्ता आणि वेळ. असे फ्लेक्स डोंबिवलीभर लागले आणि एक कोपरला, काळुराम रोज चहाला बसायचा त्या टपरीसमोर.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. साठीच्या बायका इरकलीची जाकिटं घालून मंचावर चालत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. पडद्यामागे शकू टेबलाशी उभी राहून शेवटचे दोरे कापत होती. गळ्यात तिची मोजायची टेप लोंबत होती.

तेवढ्यात काळुराम आला. दारावरच्या माणसाच्या नाकावर त्याने ठोसा मारला. सरळ मंचावर चढला आणि चालणाऱ्या बाईला धक्का देऊन ओरडला, "कवरी फॅशन करतंस गो माजे नावावर? भायेर ये!" आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या! बायकांवरच्या अत्याचाराचा देखावा आहे, असं त्यांना वाटलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं. तो टाळ्यांतून चालत पडद्यामागे आला.

शकूला पाहताच त्याने थोबाडीत दिली. ती टेबलावर पडली. त्याने तिच्या गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं पकडली आणि ओढली. सुमतीबाई त्याच्या पाठीवर बुक्क्या मारू लागल्या, त्याने कोपराने त्यांना उडवलं. शकूचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. ती पाय झाडत होती. बाहेर गाणं चालूच होतं. तिचा हात टेबलावर चाचपडत चाचपडत माझ्यापर्यंत आला.

मी त्याच्या दंडात शिरले, अर्ध्या पात्यापर्यंत. मांस कापडासारखं नसतं. त्यात शिरताना मला मुळीच आवडलं नाही. तो गुरासारखा ओरडला, टेप सुटली, रक्ताची धार घागऱ्यांवर उडाली. शकू जमिनीवर बसून खोकत राहिली. तिने मला सोडलं नव्हतं. पोलिसांनी तिची बोटं एकेक करून उघडली.

काळुरामला शिक्षा झाली. पण जीवघेणा वार केला म्हणून शकूवरही खटला चालला, तब्बल तीन वर्षं. आत जावं लागेल या भीतीने ती वाळून काडी झाली. शेवटी नीरजाताई साक्षीला उभ्या राहिल्या आणि भर कोर्टात रडल्या. "तिचं नाव मी छापलं. पत्ता मी दिला. मला वाटलं, मी तिचा मान करतेय. तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

न्यायाधीशबाईंनी शकूला निर्दोष सोडलं. स्वतःचा जीव वाचवायला केलेला वार तो, असं म्हणाल्या. मी कागदात नाचायचीच बाकी होते! घरी जायचं, तेल, खडू, कापड! बाईंनी विचारलं, "हा मुद्देमाल तुमचा. परत हवा?"

शकूने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "नको बाईसाहेब. लय गुनाची होती. पन हातान घेतली का मना तेचं रगत दिसल. मी नवी घेतलीय."

आता अपिलाची मुदत संपली की मला मोडीत काढतील. भिंत झाली, असं इथले शिपाई बोलताना ऐकलं. त्या तिकिटांतूनच झाली. शकू तिथे बिनघोर शिवत असेल. तिचा राग नाही मला, पण वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही चांगल्या कामासाठी असे कार्यक्रम कराल. जरूर करा, नटा, मिरवा, टाळ्या घ्या. फक्त ज्यांच्यासाठी करता त्यांच्याजवळ आधी जाऊन बसा आणि विचारा, "तुझं नाव लावू का?" ती नको म्हणाली तर रुसू नका. शकूला हे विचारायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं, आणि आज मी तिच्या हातात असते.