परसराम मिस्त्रीची शिफारस

सिहोऱ्याच्या परसराम मिस्त्रींनी आयुष्यात मनापासून कौतुक केलं ते एका पाण्याच्या मोटारीचं. धम्मदीपच्या जन्माच्या आधी त्यांनी तिचं वाइंडिंग केलं होतं आणि ती अजून चालत होती. माणसांविषयी मात्र त्यांचं मत एकंदरीत बरं नव्हतं. त्यातही स्वतःच्या पोराविषयी तर गिऱ्हाइकासमोर, सोयऱ्यांसमोर, कोणी विचारो न विचारो, एकच वाक्य ठरलेलं: "याले काम येत नाय."

धम्मदीपला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आयटीआय करून तो बापाच्या दुकानात लागला तेव्हापासून हे वाक्य त्याच्या कानावर पंख्याच्या घरघरीसारखं पडत होतं. अडचण उभी राहिली ती त्यानं ऑस्ट्रेलियाला जायचं मनावर घेतल्यावर.

तिकडे इलेक्ट्रिशियनला मागणी चांगली, पण नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. आधी कागदपत्रं तपासतात, मग तोंडी परीक्षा, मग हातानं काम करून दाखवायचं. धम्मदीपनं कामाचे फोटो दिले, व्हिडिओ दिले, कुठे काय केलं ते लिहून दिलं. आणि मग दिल्लीच्या ऑफिसातून रिता मॅडमचा निरोप आला: इतकी वर्षं तुम्ही ज्यांच्याकडे काम केलं त्या मालकाशी आम्हाला व्हिडिओवर बोलायचं आहे.

मालक म्हणजे बाबा.

"गेलं ऑस्ट्रेलिया," धम्मदीप बायकोला म्हणाला.

प्रतिक्षा भाजी निवडत होती. ती मोहाडीची. हसली की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजायला लागलं. ती हसली. "अजी, मामाजीले घरीच ठेवलं नाय तं?" सासऱ्याला ती मामाजी म्हणे.

"म्हंजे?"

"परसराम मिस्त्री म्हून दुसरं कोणी बसवा ना. दिल्लीवाल्या बाईले काय मालूम, परसराम कसा दिसते थे?"

धम्मदीप आधी नाही म्हणाला. मग त्यानं डोळ्यांसमोर बाबांना कॅमेऱ्यापुढे बसवून पाहिलं, आणि हो म्हणाला.

दुसरं कोणी म्हणजे समोरचे लक्ष्मणराव कापडवाले. पिढीजात विणकरांचं घर, कोसा साड्यांचा धंदा. बाबांशी त्यांचं रोज संध्याकाळी भांडण आणि रोज सकाळी चहा. एकदा दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी एका गोऱ्या बाईला साडी विकली होती. तेव्हापासून आपल्याला इंग्रजी येतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. प्रतिक्षानं विचारायचा अवकाश, ते मिशीला पीळ देत म्हणाले, "माया तोंडून पोराची अशी तारीफ होईन का बाई, थे ऑस्ट्रेलियावाले विमान घेऊन सिहोऱ्याले येतीन."

राहिला प्रश्न बाबांना बाहेर काढायचा. वरठीला सुलोचनाबाई राहत, बाबांची बहीण. प्रतिक्षानं त्यांना फोनवर सगळं समजावलं. ठरल्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला, "दादा, पंखा बंद पडला गा. भल्ली गरमी हाय. आत्ताच्या आत्ता ये." बाबा कुरकुरत, पान्हे-पक्कड पिशवीत टाकून मोटारसायकलवर निघाले. मोटारसायकल वळणाआड गेली तसा धम्मदीपनं श्वास सोडला.

लक्ष्मणरावांना बाबांच्या खुर्चीत बसवलं. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. टेस्टर त्यांनी उलटा खोचला होता, तो प्रतिक्षानं सुलटा केला. मागे तारांची बंडलं आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नीट दिसेल असा मोबाइल टेकवला. धम्मदीप कॅमेऱ्यात येणार नाही असा दाराशी उभा राहिला.

इकडे ही तयारी चालली असताना तिकडे बाबा तुमसरला एका दुकानासमोर थांबले होते. पंखा बंद म्हणजे कॅपॅसिटर गेला असणार, नवा घेऊन जावा, म्हणून त्यांनी बहिणीला फोन लावला. "पंखा छताचा हाय का टेबलाचा?"

आत्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "विचारून सांगतो."

"कोनाले विचारून?"

आत्यानं फोन ठेवून दिला. बाबांनी गाडी फिरवली.

दुकानात मोबाइलच्या पडद्यावर रिता मॅडम आल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, चष्मा, समोर कागद. आवाज गोड पण हसू नाही. हिंदीत विचारायला लागल्या. लक्ष्मणरावांनी सुरुवात झोकात केली. "वेरी गुड बॉय, मॅडम. वेरी सॉफ्ट. वेरी फास्ट कलर." दाराशी धम्मदीपनं डोळे मिटून घेतले.

"कलर?" मॅडमनी विचारलं.

"वायर का कलर, मॅडम," लक्ष्मणराव न अडखळता म्हणाले. "एक बार लगाया तो जाता नहीं."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. दोन-चार साधे प्रश्न निघून गेले. लक्ष्मणराव रंगात आले, पायावर पाय टाकून बसले. आणि नेमक्या त्याच वेळी दारात बाबा दिसले; मोटारसायकल त्यांनी वळणावरच ठेवली होती.

बाबा आत आले. आपल्या खुर्चीत लक्ष्मण, त्याच्या कानावर आपली पेन्सिल, मोबाइलमध्ये कोणी बाई, दाराशी पांढराफटक पडलेला पोरगा आणि आतल्या दारात हात जोडून उभी सून, एवढं त्यांनी एका नजरेत पाहिलं. धम्मदीपला वाटलं, आता छप्पर उडणार. पण बाबा गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसले, खिशातून तंबाखू काढली आणि मळत मळत ऐकू लागले. त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकत होतं, त्याची धम्मदीपला शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

"परसरामजी," मॅडम म्हणाल्या, "आपके यहाँ अर्थिंग ठीक है या नहीं, ये किससे चेक करते हैं?"

लक्ष्मणरावांनी क्षणभर विचार केला. मग चिमटीत हवेतलं कापड धरून चोळावं तशी बोटं चोळली. "हाथ से. मॅडम, चालीस साल का तजुर्बा है. हाथ लगाया की समझ जाता है, माल असली की नकली."

"मरशीन ना बे!" बाकड्यावरून बाबा ओरडले.

मॅडमनी मान वर केली. "कौन बोल रहा है?"

तंबाखू तशीच हातात घेऊन बाबा कॅमेऱ्यासमोर आले. लक्ष्मणरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ये हाथ लगा के चेक करता ना मॅडम, तो आपसे बात करने को जिंदा बैठता क्या? परसराम मैं हूँ."

समोरच्या रस्त्यावर शेळी ओरडली, तीसुद्धा त्या क्षणी दिल्लीपर्यंत ऐकू गेली असेल. धम्मदीपनं दाराची चौकट धरली. खोटा माणूस बसवला म्हटल्यावर फाइल बंद, आणि पुन्हा उघडेल की नाही देव जाणे.

"तो ये कौन हैं?" मॅडमचा आवाज आता गोड राहिला नव्हता.

बाबांनी पोराकडे पाहिलं. एकदाच. मग मोबाइलकडे वळले. "मेरा दोस्त. कपडे का दुकान है. मेरे को अंग्रेजी की डर लगती, तो मैंच बोला इसको, तू बैठ जा. लडके को कुछ मालूम नहीं. गलती मेरी."

धम्मदीपनं बापाला आजवर खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्यामुळेच की काय, ते फार सफाईदार आलं.

मॅडमनी कागदावरची एक ओळ खोडली. मग म्हणाल्या, "ये मैं फाइल में लिखूँगी. आप आधार कार्ड दिखाइए, मोबाइल घुमा के पूरी दुकान दिखाइए, बाकी सब बाहर. शुरू से पूछूँगी."

सगळे बाहेर गेले. बाहेर म्हणजे दुकानाच्या मागच्या खिडकीखाली. धम्मदीप, प्रतिक्षा, लक्ष्मणराव आणि घरातून धावत आलेली धम्मदीपची आई तुळसाबाई, चौघंही भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली. आत मॅडमनी विचारलं, "आपका बेटा काम कैसा करता है?"

"उसको काम नहीं आता," बाबा म्हणाले.

लक्ष्मणरावांनी कपाळावर हात मारला. "खरंच बोलला गा थो."

"मतलब?"

आणि बाबांचा बांध फुटला. इतकी वर्षं ज्या तक्रारी ऐकून घ्यायला गावात कोणी उरलं नव्हतं, त्या ऐकायला आज एक बाई स्वतःहून दिल्लीहून फोनवर आली होती, शिवाय लिहूनही घेत होती. "मॅडम, एक तार को हाथ लगाना है तो टाइम कितना लगना? ये पहले टेस्टर चालू लाइन पे लगाएगा. फिर बंद तार पे. फिर वापस चालू लाइन पे. मैं बोलता, अरे, एक बार देखा ना! तो बोलता, टेस्टरच बिगडा होगा तो?"

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "और?"

"धान रोवणे का टाइम था. मंगरू का पंप बंद पडा. ये क्या किया, फ्यूज निकाल के अपनी जेब में डाला और बांध-बांध से चला गया मोटर के पास. मंगरू इधर चिल्ला रहा, फ्यूज दे, दूसरी मोटर चलानी है! ये बोला, मैं वापस आएगा तबीच मिलेगा. मंगरू ने मेरे को माँ-बहन की दी, मॅडम. मेरे को!"

खिडकीखाली धम्मदीपनं डोकं गुडघ्यांत घातलं. प्रतिक्षाचं मात्र लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. ती मोबाइलमधून येणारी पेनाची करकर कान देऊन ऐकत होती. "अजी," ती कुजबुजली, "बाई लिहून राहिली. पेन थांबतच नाय."

आत बाबा थांबायला तयार नव्हते. मंदाबाईच्या पोरीच्या लग्नात सगळा गाव म्हणत होता, खांबावर आकडा टाक आणि मांडव उजळव. यानं टाकला नाही. वऱ्हाडी अंधारात उभे, नवरदेवाचा घोडा बिथरला, आणि हा जनरेटर आणायला निघून गेला. एका घरी अर्थिंगचा खड्डा खणल्याशिवाय कनेक्शन देणार नाही म्हणाला, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं. भर उन्हाळ्यात पायात रबरी तळाचे बूट घालून फिरतो, पोरंटोरं हसतात.

"और खुद की माँ को नहीं छोडा इसने! कूलर लोहे का है बोल के एक डब्बा बैठाया. जरा करंट बाहर आया की टक् से बंद. रात को सब पसीने में. उसकी माँ रोज गाली देती."

"मी कवा दिली?" तुळसाबाई खिडकीखालून पुटपुटली. प्रतिक्षानं तिच्या तोंडावर पदर धरला.

मॅडमनी घसा साफ केला. "आखिरी सवाल, परसरामजी. ये आपका बेटा न होता, तो क्या आप इसको दोबारा काम पे रखते?"

धम्मदीपनं डोकं वर काढलं.

"नहीं रखता," बाबा म्हणाले. "मेरे को ऐसा लडका होना जो बोला वो करे. ये नहीं करता. गलत बोला तो बाप का भी नहीं सुनता."

"थँक यू," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू आल्यासारखं वाटलं. पण मोबाइलचा आवाजच तसा फाटका होता, खात्री देता येत नव्हती.

बाबा बाहेर आले. चौघं उठून उभी राहिली. कोणी काही बोलायच्या आधी बाबांनी लक्ष्मणरावांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. "फास्ट कलर म्हने," ते म्हणाले आणि चहा सांगायला निघून गेले. ते 'फास्ट कलर' त्यांनी कुठून आणि किती वेळ ऐकलं होतं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर धम्मदीप आठवडाभर बापाशी नीट बोलला नाही. मग ईमेल आला. कामाचा अनुभव ग्राह्य धरला होता. सुरक्षेच्या सवयींबद्दल मालकाची साक्ष 'विशेष खात्रीलायक' वाटली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, पहिल्यांदा भलतीच व्यक्ती बोलायला बसली याची नोंद घेतल्याची. प्रतिक्षानं तो ईमेल मराठी करून सासऱ्याला वाचून दाखवला. खालची ओळ तेवढी गाळली.

"मामाजी," तिनं हळूच विचारलं, "तुमी मुद्दाम तसं बोलले ना?"

"मुद्दाम कायले बोलू? एक तरी गोष्ट खोटी हाय का?" बाबा म्हणाले, आणि जळालेल्या मोटारीत तोंड खुपसून बसले.

तोंडी परीक्षा धम्मदीप पास झाला. हातकामाच्या परीक्षेला दिल्लीला गेला आणि एका भागात नापास होऊन परत आला. बिघाड शोधताना त्यानं प्रत्येक तार इतक्या वेळा तपासली की वेळच संपला. हे कळल्यावर बाबांचा चेहरा असा खुलला की तुळसाबाईनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानातल्या जुन्या बोर्डात कुठेतरी बिघाड करून ठेवला, घड्याळ समोर लावलं आणि म्हणाले, "शोध." रोज नवा बिघाड. रोज नव्या शिव्या. तपासायचं सगळं, पण हात चालवायचा. दुसऱ्या खेपेला धम्मदीप वेळ संपायच्या आधी काम आटोपून उठला आणि पास झाला.

व्हिसा आला तेव्हा दुकानात पेढे वाटले. लक्ष्मणरावांनी प्रत्येकाला सांगितलं की मुख्य मुलाखत त्यांनीच दिली. धम्मदीपनं बाबांना शेजारी बसवून पुढचं समजावलं. तिकडे गेल्यावर लगेच पूर्ण लायसन मिळत नाही. आधी कच्चं. मग तिथले नियम शिकायचे आणि वर्षभर एका लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम करायचं; तसा एक जण तिकडे ठरलाही होता. तो पाहणार, तपासणार आणि मगच पक्कं.

बाबांनी पेढा तोंडात टाकला. "म्हंजे तिथंई डोक्यावर कोनी बसनारच?"

"हो."

"मनासारखं झालं नाय का बोलनार?"

"बोलंल."

बाबांना फार बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "त्याचा नंबर दे मले. त्याले पहिलेच सांगून ठेवतो."

धम्मदीपनं नंबर दिला नाही. प्रतिक्षानं दिला.