हात ओले आहेत माझे

“बाबा, आता लावा आईला, मी ऐक…” एवढं बोलून लेकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कम्प्युटरच्या पडद्यावर नुसतं थिजलेलं चित्र. आणि नेमका तेव्हाच टेबलावर बायकोचा फोन ओरडायला लागला, “अहो, उचला की फोन! हात ओले आहेत माझे!”

“झालं! अडकला कॉल पुन्हा!” मिस्त्रींनी कपाळावर हात मारला आणि आपल्या बटणांच्या फोनवरून लावलेला कॉल तोडला. बायको गप्प झाली.

जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, पण घरात वाजणारा फोन उचलायचा म्हणजे मिस्त्रींच्या जिवावर यायचं. शेवटी बायकोने वैतागून स्वतःचाच आवाज रिंगटोन म्हणून भरला. तरी ते पेपर वाचत बसायचे आणि हसायचे. गेल्या वर्षी ती गेली, आजारपण नाही, काही नाही, उभ्या उभ्या गेली. फोन तेवढा चार्जिंगला राहिला. तो उघडायचा तिच्या बोटाने, नाहीतर तिच्या आकड्याने. तो आकडा तिने कुणाला सांगितला नव्हता आणि यांनी कधी विचारला नव्हता. पण वाजायचा. रोज संध्याकाळी हे नंबर लावायचे, ती ओरडायची.

साता समुद्रापलीकडच्या लेकीचे दिवस भरत आले होते. “बाळ व्हायच्या आधी एकदा आईचा आवाज ऐकू द्या हो,” एवढंच तिचं मागणं. नवा राउटर आल्यापासून मात्र कॉल धड चालतच नव्हता. रेकॉर्ड करून पाठवा, असं ती मागेच म्हणाली होती. तेव्हा हे म्हणाले, “अगं, चांगला वाजतोय की! चालत्या मशीनला उगाच हात लावू नये.”

एवढ्यात बटणांच्या फोनवर तिकडून जावयाचा फोन आला. हा लिनक्सवाला कम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता.

“बाबा, पिंग करून बघा, म्हणजे हाक मारायची आणि उत्तर येतं का पाहायचं. आधी स्वतःला, मग राउटरला.”

पाणी कुठवर येतंय ते आधी बघायचं, भिंत मग फोडायची, हे मिस्त्रींना शिकवावं लागत नव्हतं. कम्प्युटरने स्वतःला उत्तर दिलं. राउटरकडून मात्र चार उत्तरं यायची, मग सगळं ठप्प.

“म्हणजे गळती घरातच आहे,” मिस्त्री म्हणाले.

जावयाने आणखी एक कमांड सांगितली. उत्तर वाचून दाखवलं तसा तो हसला. “सापडलं! कम्प्युटरला मी एक आयपी पत्ता कायमचा बांधून दिला होता. नव्या राउटरने तोच पत्ता घरातल्या दुसऱ्या कशाला तरी दिलाय. दोघं भांडतायत. संध्याकाळी मी इथूनच बदलून देतो, तोवर राहू द्या.”

राहू द्या कसलं! लेक तिकडे ताटकळत बसलेली. आणि घरात वायफायवर दुसरं होतंच काय? मिस्त्रींनी बायकोचा फोन हातात घेतला. मग म्हणाले, “मिनिटभर बंद हो बाई, पोरीसाठी,” आणि बटण दाबून धरलं.

पडद्यावर उत्तरं सरसर यायला लागली. एकही अडकेना. “वा रे पठ्ठ्या!” म्हणत त्यांनी फोन पुन्हा चालू केला. त्याने आकडा मागितला. तो तर नेहमीच मागायचा.

लेक दिसली. इतकी स्वच्छ, की डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसली.

“लावा बाबा.”

त्यांनी नंबर लावला. टेबलावर फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. दुकानातल्या कुठल्याही नव्या फोनसारखा.

“चुकला वाटतं,” म्हणून त्यांनी तोडला, परत लावला. ट्रिंग ट्रिंग.

लेकीच्या मागून जावई पुढे आला. “बाबा, बंद केला होता का?”

“मिनिटभरच…”

“बंद करून चालू केला की आधी आकडा टाकावा लागतो. त्याशिवाय आतलं काही उघडत नाही, वायफायसुद्धा नाही. आवाज आहे आत, पण…”

लेकीने स्वतःची जन्मतारीख टाकायला सांगितली. चूक. मग यांनी लग्नाची टाकली. तीही चूक. लेक तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून रडायला लागली. “मीच म्हटलं होतं ना रेकॉर्ड करा, मीच म्हटलं होतं!” मिस्त्रींना वाटलं, हा हात झडून का नाही गेला.

त्यांनी पुन्हा नंबर लावला. ट्रिंग ट्रिंग. तो वाजतच राहिला.

तेव्हा त्यांनी बायकोचा फोन उचलला.

एका कानाला हा, दुसऱ्या कानाला तो. “हॅलो,” ते म्हणाले, आणि जरा वेळाने त्यांचाच घोगरा आवाज दुसऱ्या कानात आला. दोन्ही फोन तसेच धरून ते बसून राहिले. समोर लेक सगळं बघत होती, आणि चित्र आता कुठेच अडकत नव्हतं.