मी नायकाऐवजी पडतो

मित्रांनो, दचकू नका. गोदामाच्या कोपऱ्यात हातपाय पसरून पडलेला मी मेलेला माणूस नाही. मी एक जुना पुतळा आहे. सिनेमात नायक कड्यावरून, गच्चीवरून किंवा धावत्या मोटारीतून पडतो ना, तो नायक नसतो, मी असतो. नायक तेव्हा छत्रीखाली बसून सरबत पीत असतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला उंचीची भयंकर भीती वाटते. साध्या टेबलावर उभं केलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि माझ्या पोटात तर नुसत्या चिंध्या आहेत. दुरून डोंगर साजरे, असं माणसं म्हणतात. मला ते दुरूनही साजरे दिसत नाहीत. डोंगर दिसला की मला एवढंच सुचतं, आता ह्यावरून मला ढकलणार.

माझा जन्म स्टुडिओच्या शिवणखोलीत झाला. तिथे कपडे शिवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी जाड कापड कापलं, आत चिंध्या आणि काथ्या ठासून भरला, आणि पायांत वाळूच्या पिशव्या घातल्या, म्हणजे पडताना पाय आधी खाली यावेत. केस नायकासारखे लावले. नाकडोळे मात्र काढले नाहीत, कारण पडणाऱ्याचं तोंड कोण बघतो? मग मला दिसतं कसं, असं तुम्ही विचाराल. कापडाच्या विणीतून दिसतं. सगळं दिसतं.

स्टुडिओत मला जावईबापू म्हणत. अंगावर नवे कपडे, काम काडीचं नाही, आणि कुठे जायचं म्हटलं की चौघांनी उचलून न्यायचं, म्हणून. काम काडीचं नाही म्हणणाऱ्यांना एकदा माझ्याबरोबर गच्चीवर न्यायला हवं होतं.

पण सिनेमाचं वेड मला पहिल्यापासून. शिवणखोलीत मला ज्या खुंटीला टांगत, तिच्यामागच्या भिंतीपलीकडे तयार झालेले सिनेमे लावून बघत, आणि मी ते ऐके. त्यामुळे माझी स्वतःची मतं आहेत. आमचा नायक पडद्यावर वाघ आहे, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याची ततपप होते. मला तो फार आवडतो. आम्ही दोघे एकाच माळेचे मणी. खलनायक म्हणजे देवमाणूस. मला खाली ठेवताना डोकं आपटू नये म्हणून मानेखाली हात धरतो. तरी भिंतीपलीकडून तो हसला की माझी गाळण उडते. नायिका रडते छान, पण धावते मात्र बस चुकल्यासारखी. आणि भुतांचे सिनेमे मला मुळीच नकोत. गोदामात शिरणारी माणसं मला बघून किंचाळतात आणि मी भुतांना ऐकून, हा कुठला न्याय?

ताईंच्या धाकट्या भावाला सगळे बोका म्हणत, कारण तो कुठूनही पडला तरी पायांवर उभा. तोही नायकाऐवजी पडायचा. आमची वाटणी मारामारी बसवणाऱ्या मास्तरांनी करून दिली होती. जिथून पडून माणूस उठू शकतो, तिथून बोका. जिथून उठू शकत नाही, तिथून मी. वाटणी चोख होती आणि माझी तक्रार नव्हती. फक्त भीती होती.

ताई आणि बोका यांच्या वडिलांना अण्णा म्हणत. मुलगा स्टुडिओत सुतारकाम करतो, असं त्यांना दोघांनी मिळून सांगितलं होतं. बोका काळानिळा होऊन घरी गेला की सांगायचा, फळी पडली अंगावर. अण्णा म्हणायचे, कसला रे सुतार तू, गावातल्या सगळ्या फळ्या तुझ्यावरच कशा पडतात?

हे अण्णा सिनेमाचे अस्सल शौकीन. प्रत्येक सिनेमा पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत. त्यांची मतं म्हणजे दगडावरची रेघ. नायक रडला की म्हणायचे, ह्याचे डोळे रडतात, हनुवटी रडत नाही. म्हाताऱ्याचं काम करणारा नट कंबरेत वाकला की म्हणायचे, म्हातारपण गुडघ्यात असतं, कंबरेत नाही, मला विचारा. शिवता शिवता ताई ही सगळी मतं मला ऐकवायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. पण अण्णांचा खरा अभिमान वेगळाच होता. पडद्यावर पडणारा माणूस आहे की पुतळा, हे ते क्षणात ओळखत. पडद्यावर माझा पाय कड्यावरून सुटला रे सुटला, की पहिल्या रांगेतून आरोळी यायची, "पुतळा आहे रे, पुतळा!" आणि सगळं थिएटर हसायचं. मला फार वाईट वाटे. जीव मुठीत धरून पडावं, आणि लोकांनी खिदळावं!

एकदा असं झालं, की एका सिनेमाच्या शेवटी नायक आपल्या आईदेखत गच्चीवरून पडतो. लोक रडतात कसे, ते ऐकायला आमचे दिग्दर्शक साहेब स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसले होते. मी पडलो. अण्णांनी आरोळी ठोकली. हुंदके द्यायला काढलेले रुमाल लोकांनी तोंडावर धरले आणि हसून हसून पुरेवाट झाली. साहेब पांढरेफटक पडून बाहेर आले. त्या दिवसापासून त्यांना हसण्याची धास्तीच बसली. शिवणखोलीत कुणी सहज हसलं तरी ते वळून बघत, माझ्यावर हसलात का?

पुढच्या सिनेमात नायक दगडाच्या जुन्या खाणीच्या कड्यावरून पडणार होता. साहेबांनी सांगितलं, आता पुतळा नको. बोका पडेल, आणि वरपासून खालपर्यंत एका दमात, मध्ये कुठेही न तोडता दाखवायचं. मास्तरांनी हात जोडले. ही उंची माणसाची नाही, खाली गाद्या आणि रिकामी खोकी रचली तरी वारा माणसाला कुठे नेईल ह्याचा नेम नाही, असं परोपरीनं सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. साहेब म्हणाले, लोक हसतात.

सगळ्यात वाईट म्हणजे बोका खुशीत होता. तो शिवणखोलीत आला आणि ताईंना म्हणाला, "इतकी वर्षं तुकड्यातुकड्यांत पडलो गं. एकदा मला सबंध पडू दे."

ताईंनी यंत्र थांबवलं. नुकतीच घातलेली शिवण त्यांनी उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. खरं सांगतो मित्रांनो, आपल्याला पडायचं नाही म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. उलट माझी पाचावर धारण बसली. मी खाली पडलो तर ताई टाके घालतात. बोक्याला टाके घालून भागेल का? मला खुंटीवरून उडी मारून साहेबांचे पाय धरावेसे वाटत होते. पण पुतळ्याच्या हातात काय असतं? चिंध्या.

शेवटी ताईच साहेबांकडे गेल्या. थिएटरात ओरडणारा तो म्हातारा आठवतो का, असं त्यांनी विचारलं. साहेबांना तो विसरता येत नव्हता. मग ताईंनी सांगितलं की ते माझे वडील आहेत. तुम्ही त्यांना खाणीवर बोलवा. मी पुतळा नव्याने भरते. आधी तो टाका, आणि माणूस की पुतळा ते त्यांनाच विचारा. ते माणूस म्हणाले तर माझ्या भावाला पाडायचं नाही. साहेबांनी विचार केला. तो म्हातारा फसला तर अख्खं थिएटर फसेल, हे त्यांना पटलं. त्यांनी शब्द दिला, पण एक अट घातली: म्हाताऱ्याला आधी काही सांगायचं नाही.

ताईंनी मला उसवलं. खांद्यांत वजन घातलं, गुडघ्यांत चामड्याची पट्टी बसवली, मान पुन्हा शिवली. शिवताना एकदा त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "माणसासारखा पड रे. एवढं एकदा."

खाणीवर बोक्यानेच मला खांद्यावर घेऊन वर नेलं. अंगात माझ्यासारखाच निळा सदरा, माझ्यासारखीच विजार. मी नापास झालो तर ऊन उतरायच्या आत त्याला पडायचं होतं. वर वारा सुटला होता. कड्याशी मला उभं केलं आणि मी खाली बघितलं. खाली गाद्यांचा ढीग पानाएवढा दिसत होता. तिथे खाली घडीच्या खुर्चीत, कॅमेऱ्याशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा शूटिंग बघायला मिळालं म्हणून लहान मुलासारखे पाय हलवत होते. ताई त्यांच्यामागे उभ्या होत्या. मला त्या दिवशी पडण्याची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, रोजच्याइतकीच होती. पण मी वाईट पडलो तर काय होईल, ही भीती तिच्यावर चढून बसली होती.

मास्तरांनी मला ढकललं.

काय सांगू! मी सगळं चुकलो. एक बूट हवेतच निघाला. कोपर उलटं फिरलं. अर्ध्यावर खडकाला लागलो आणि उशीसारखा टुणकन वर उडालो. शेवटी गाद्यांवर उताणा पडलो, एक पाय डोक्याखाली. मेलो, असं मला वाटलं, पण मी कुठला मरतोय? मरणार होता बोका, आणि तो माझ्यामुळे.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या तोंडावर ते ओळखीचं हसू पसरलं आणि आरोळीसाठी त्यांनी छातीत हवा भरली. तेवढ्यात मी कुठे पडलो ते बघायला बोका कड्याशी आला आणि वाकला. मी उताणाच होतो, मला तो स्वच्छ दिसला. निळा सदरा, तीच विजार, आणि मास्तर त्याच्या पायाशी बसून गुडघ्यांना पट्ट्या बांधत होते. अण्णांची मान वर गेली. ते बघतच राहिले. मग त्यांनी वळून ताईंकडे बघितलं. ताईंनी नजर जमिनीला लावली होती. अण्णांनी छातीतली हवा हळूहळू सोडली.

साहेब म्हणाले, "बोला अण्णा. माणूस होता की पुतळा?"

पुतळा म्हणावं तर पुढे कोण पडणार, ते त्यांना वर उभं दिसत होतं. खोटं मत त्यांनी जन्मात दिलं नव्हतं.

"माणूस," ते म्हणाले. "माणूसच होता हो. मला बघवलं नाही. उठवा त्याला कुणीतरी."

साहेबांना ते पटलं की नाही, देव जाणे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाजूला पडलेल्या बुटाकडे बघितलं, अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. पण शब्द दिला होता. त्यांनी सामान आवरायला सांगितलं. बोका वरून चिडून काहीतरी ओरडला, आणि पायवाटेने खाली उतरला.

घरी मोठं रामायण झालं म्हणे. बोका बापाशी बोलेना, आणि बाप मुलाला नजरेआड होऊ देईना. ताईंनी हे मला टाके घालता घालता सांगितलं. त्या सांगत होत्या तेवढ्यात अण्णा स्वतःच शिवणखोलीत आले. आपण ह्या खोलीत पहिल्यांदा येतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. त्यांनी स्टूल ओढलं, माझा उसवलेला हात आपल्या हातात घेतला आणि त्यांची मतं सुरू झाली.

"मान आधीच लटकी पडली होती तुझी. बूट असा सुटत नाही, आत पाय असला तर. कोपर उलटं. खडकावर तर उशी उडावी तसा उडालास. अरे, एक गोष्ट म्हणून खरी नव्हती. इतकं वाईट पडणं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही." त्यांनी माझा हात अलगद माझ्या छातीवर ठेवला. "असाच पडत जा रे बाळा. जन्मभर असाच खोटा पड."

ताईंनी पाठ फिरवली. मला रडता येत नाही, नाहीतर मी रडलो असतो.

सिनेमा लागला तेव्हा खाणीवरच्या माझ्या त्याच पडण्यावर थिएटर खदखदून हसलं. अण्णांची आरोळी तेवढी नव्हती. ते पहिल्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा जास्त हसत होते, आणि डोळे पुसत होते, असं ताई सांगतात. साहेबांनी तो सिनेमा पुन्हा कधी बघितला नाही.

आता मी म्हातारा झालो. उंदीर माझ्या पोटातला काथ्या ओढून नेतात आणि मी भीतीने गप्प पडून राहतो. पण मला खरी भीती उंदरांची नाही. एखाद्या दिवशी कुणीतरी मला भंगारात टाकेल, आणि मग नव्या सिनेमात कडा आला की साहेब लोक इकडेतिकडे बघतील, आणि कुणातरी ताईच्या भावाकडे बोट दाखवतील. म्हणून हात जोडून सांगतो, मला टाकू नका. उसवलो असेन तर चार टाके घाला. केस गळले असतील तर टोपी घाला. मी अजून पडू शकतो. घाबरत का होईना, पण पडेन.

आणि मित्रांनो, सिनेमात कुणी कड्यावरून पडलं आणि ते अगदी खोटं, अगदी हसू येण्यासारखं वाटलं, तर खुशाल हसा. मला राग येणार नाही. तुम्ही हसत असता तेव्हा एक माणूस आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेलेला असतो.